अक्षर नसलेले कप्पे

विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ नावाची एक खिडकी आहे. रोजच्या कामात तिथे जायची वेळ येत नाही, आणि ज्याच्यावर येते तो बहुधा काहीतरी अडल्यामुळेच गेलेला असतो. खिडकीच्या खालच्या भागात डिस्कचं चित्र असतं: एक लांब आडवी पट्टी, डोक्यावर निळी किनार, आणि मधोमध ऐसपैस पसरलेला सी ड्राइव्ह. त्याच्या दोन्ही अंगांना मात्र आणखी काही अरुंद पट्ट्या दाटीवाटीनं उभ्या असतात. कुठली चाळीस एमबीची, कुठली शंभर, कुठली पाचशे, एखादी दहा जीबीची. त्यांना अक्षर नसतं. फाइल शोधताना त्या समोर येत नाहीत, त्यांच्यात काही ठेवता येत नाही, आणि त्यांतल्या कित्येकींवर माउसचं उजवं बटण दाबलं, तर एरवी लांबलचक उलगडणाऱ्या यादीत ‘हेल्प’ एवढा एकच शब्द उरतो. लॅपटॉप आपण पैसे मोजून घेतलेला असतो, पावती आपल्या नावावर असते, आणि तरीही त्याच्या डिस्कवरचे हे कप्पे कुणी पाडले, कशासाठी पाडले, त्यांत काय आहे, हे कुणी आपल्याला सांगितलेलं नसतं. या अरुंद पट्ट्यांचा गेल्या वीसेक वर्षांचा प्रवास पाहिला की एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. डिस्कवर कामागणिक वेगळे कप्पे पाडणं शहाणपणाचंच होतं आणि आजही आहे. चूक झाली ती ते कप्पे मालकापासून लपवण्यात. या दोन गोष्टी इतकी वर्षं एकमेकींना चिकटून आल्या, की लपवण्याचे दुष्परिणाम भोगलेल्यांनी कप्प्यांनाच दोष दिला.

असा कप्पा म्हणजे पार्टिशन. ते पाडलं म्हणून डिस्कवर कुठे भिंत उभी राहत नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. पहिले ४४६ यंत्र सुरू करून देणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामसाठी, शेवटचे दोन ओळखीच्या खुणेसाठी, आणि मधल्या ६४ बाइटांत चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची. कुठून सुरू, किती लांब, कोणत्या प्रकारचं, यंत्र इथून सुरू करायचं की नाही, एवढाच मजकूर. जमीन सलगच असते, पण कुणाचं क्षेत्र किती आणि त्यात काय पेरलं हे सातबाऱ्यावरच्या नोंदी सांगतात, तसा हा डिस्कचा सातबारा. १९८३ च्या मार्चमध्ये आयबीएमनं पीसी एक्सटी बाजारात आणला, त्यात दहा एमबीची हार्ड डिस्क होती, आणि त्याच्यासोबत आलेल्या डॉस २.० मध्ये ही चार नोंदींची व्यवस्था होती. एकाच डिस्कवर दोन-तीन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम सुखानं नांदाव्यात, हा मूळ हेतू. प्रत्येक नोंदीत ‘प्रकार’ सांगणारा एकच बाइट असतो. तिथे शून्य-सात असेल तर विंडोज त्या कप्प्याला आपला मानते आणि अक्षर देते. तिथे डेलच्या निदान-कप्प्याची ‘डीई’ ही खूण असेल, किंवा त्याआधीच्या काळातल्या कॉम्पॅकच्या निदान-कप्प्याची ‘१२’ असेल, तर विंडोज त्याला परका मानून अक्षर देत नाही. कप्पा दिसणार की नाही हे ठरायला एवढं पुरतं. आतल्या फाइली साध्यासुध्या असतात, कुलूप नसतं, पासवर्ड नसतो. एका बाइटामुळे मालकाची नजर तिथे पोचत नाही, इतकंच.

त्यातल्या निदानाच्या कप्प्याबद्दल आधी बोलायला हवं, कारण या सगळ्यातली सर्वांत निर्मळ कल्पना तीच होती. लॅपटॉप सुरू होताना अडकतो, निळा पडदा येतो, मध्येच बंद पडतो. दोष डिस्कमध्ये आहे, रॅममध्ये आहे, पंख्यात आहे, की नुसती विंडोज बिघडली आहे? जी विंडोज स्वतःच धड सुरू होत नाही तिला हे विचारण्यात अर्थ नाही, आणि सुरू झाली तरी तिच्या उत्तरावर कितपत विसंबायचं हा प्रश्न राहतोच. म्हणून तपासणी करणारं काहीतरी विंडोजच्या बाहेर, तिच्यावर जराही अवलंबून नसलेलं हवं. २००० नंतरच्या दशकातल्या डेल लॅपटॉपवर डिस्कच्या अगदी सुरुवातीला चाळीसेक एमबींचा असा कप्पा असे. यंत्र सुरू करताना एफ१२ दाबून यादीतून ‘डायग्नोस्टिक्स’ निवडायचं, किंवा एफएन धरून पॉवरचं बटण दाबायचं. आधी बायोसमधली तपासणी आपली फेरी उरकते आणि मग या कप्प्यातली सविस्तर तपासणी हाती घेते. रॅमच्या जागा एकामागून एक लिहून-वाचून पाहिल्या जातात, पंखा जोरात फिरवून बघितला जातो, डिस्कला तिची स्वतःची चाचणी घ्यायला सांगितलं जातं. पुढच्या पिढीतल्या तपासणीत ‘२०००-०१४२’ असा आकडा पडद्यावर आला, की जाणकार माणूस विंडोज पुन्हा टाकण्याच्या फंदात पडत नाही. डिस्कची स्वतःची चाचणी फसली आहे, आता आधी फाइली बाहेर काढायच्या आणि मग नवी डिस्क आणायची, हे त्याला त्या आकड्यानं सांगितलेलं असतं. एकशेसाठ जीबीच्या डिस्कवर चाळीस एमबी म्हणजे चार हजारांतला एक भाग. तेवढ्या जागेच्या बदल्यात यंत्र आजारी कुठे आहे याचा खरा पत्ता मिळत असेल, तर त्याला महाग म्हणता येणार नाही.

‘मीडिया’च्या कप्प्यामागची इच्छाही खोटी नव्हती. २००५ च्या आसपासचा लॅपटॉप आठवून पाहावा. विंडोज एक्सपी सुरू व्हायला एक-दोन मिनिटं सहज जात, वर अँटिव्हायरस आणि घड्याळाशेजारच्या चिन्हांची रांग जागी व्हायला आणखी थोडी. बॅटरी जेमतेम दोन-तीन तास टिके. प्रवासात एखादी डीव्हीडी पाहायची तर तेवढ्यासाठी हा सगळा पसारा का उठवायचा? म्हणून डेलनं मीडियाडायरेक्ट नावाची सोय आणली. पॉवरच्या बटणाशिवाय आणखी एक बटण, ते दाबलं की पूर्ण विंडोज सुरू न होता तिची एक छाटलेली आवृत्ती सुरू होई आणि गाणी, फोटो, डीव्हीडी एवढंच समोर ठेवी. एचपीनं क्विकप्ले नावानं असाच प्रकार दिला, आणि २००७ मध्ये असूसनं हीच कल्पना मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसवलेल्या लिनक्सवर नेऊन ठेवली. या सोयी फार दिवस टिकल्या नाहीत. एसएसडी आल्यावर विंडोजच काही सेकंदांत सुरू व्हायला लागली, झाकण उघडताच यंत्र जागं व्हायला लागलं, डीव्हीडीचा ड्राइव्ह लॅपटॉपमधून नाहीसा झाला आणि गाणी फोनमध्ये गेली. पण या कप्प्याची हकीकत संपली म्हणून विसरून चालणार नाही. मालकाला अंधारात ठेवून केलेली मांडणी कुठवर जाते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा तिथेच सापडतो.

२००७-०८ च्या सुमाराचा, व्हिस्टा घातलेला डेल इन्स्पिरॉन घ्या. पहिल्या नोंदीत निदानाचा कप्पा. दुसरीत कारखान्यातली मूळ विंडोज परत आणून देणारा, सुमारे दहा जीबीचा रिकव्हरी कप्पा. तिसरीत खुद्द सी ड्राइव्ह. चौथीत एक्स्टेंडेड पार्टिशन, आणि त्याच्या पोटात सुमारे अडीच जीबीचा मीडियाडायरेक्ट. चारही नोंदी भरल्या. ज्यानं लॅपटॉप घेतला त्याला बहुधा फक्त तिसरी ठाऊक. त्यानं हौसेनं दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी टाकायची म्हटली, की डिस्कवर शंभर जीबी मोकळे असूनही जागा नाही म्हणून उत्तर येई आणि त्याला कारण कळत नसे. मीडियाडायरेक्टच्या आधीच्या काही आवृत्त्या याहून खोल लपलेल्या होत्या. हार्ड डिस्कला दिलेल्या एका आज्ञेनं तिचा शेवटचा पत्ता खरा आहे त्यापेक्षा अलीकडचा सांगायला लावता येतो. एटीए-४ या डिस्कसाठीच्या प्रमाणाच्या काळापासून, म्हणजे १९९८ च्या सुमारास, ही सोय प्रमाणित झाली. मग पलीकडे उरलेला तुकडा कुठल्याही सातबाऱ्यावर येत नाही, कारण डिस्क तेवढी आहे हेच कुणाला कळत नाही. पार्टिशन पाडायचं कुठलंही साधन लावलं तरी डिस्क थोडी लहानच भरे.

आणि मग तिसरा प्रकार, ज्यानं खरोखर लोकांच्या फाइली गेल्या. या मांडणीत कोणतं बटण दाबून यंत्र सुरू केलं त्यानुसार पहिल्या सेक्टरमधला प्रोग्राम पार्टिशनच्या नोंदीच बदलून टाकी. पॉवरचं बटण दाबलं तर एक यादी, मीडियाचं दाबलं तर दुसरी, आधीच जपून ठेवलेली. डिस्क कारखान्यातून आली तशीच असेल तोवर हे चालून जाई. पण मधल्या काळात मालकानं सी ड्राइव्ह लहान करून शेजारी नवा कप्पा पाडला असेल, विंडोज नव्यानं टाकताना हद्दी हलवल्या असतील, तर जपून ठेवलेली यादी शिळी झालेली असे आणि प्रोग्रामला ते कळायला मार्ग नसे. एक दिवस घरातलं कुणीतरी ते जास्तीचं बटण दाबी, जुनी यादी नव्या हद्दींवर लिहिली जाई, आणि पुढच्या वेळी पॉवरचं बटण दाबल्यावर काहीच सुरू होत नसे. म्हणून मीडियाडायरेक्टसकट डिस्क नव्यानं लावायची तर क्रम ठरलेला होता. निदानाचा कप्पा डिस्कच्या तोंडाशी हवा, त्यामुळे त्याची जागा आधी. मग विंडोज टाकण्यापूर्वी मीडियाडायरेक्टच्या सीडीवरून यंत्र सुरू करायचं, ती विचारील तेव्हा विंडोजला किती जागा ठेवायची ते सांगायचं, तिला तिचे कप्पे पाडू द्यायचे. त्यानंतर विंडोज, आणि मग विंडोजच्या आतून तीच सीडी पुन्हा चालवायची. यात अवघड असं काही नाही. ज्याला क्रम माहीत आहे तो एका दुपारी हे काम उरकतो. पण जो माणूस नेहमीच्या सवयीनं आधी विंडोज टाकून बसला, त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. गाणी वाजवणाऱ्या एका बटणासाठी ही किंमत का मोजावी लागते, हेही त्याला उमगत नसे.

लपवणं चुकीचं होतं, या म्हणण्यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे, आणि लपवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्या मनात तोच असणार. लॅपटॉप वापरणारे बहुतेक लोक तंत्रज्ञ नसतात. त्यांना हा चाळीस एमबीचा कप्पा एखाद्या अक्षरासकट दिसला, तर कुणी त्यात फोटो भरून ठेवील, कुणी फुकटची जागा अडली म्हणून उडवून टाकील. दिसलंच नाही तर हात लागणार नाही. नवख्याच्या बाबतीत हे खरं आहे. पण लॅपटॉपच्या आयुष्यात पार्टिशनला हात लागतो तो बहुधा मालकाचा नसतोच. गल्लीतल्या दुकानात, लॅमिंग्टन रोडवरच्या गाळ्यात किंवा तालुक्याच्या गावी मोबाइल आणि प्रिंटरसुद्धा दुरुस्त करणाऱ्या एखाद्याच्या टेबलावर यंत्र जातं. ‘स्लो झालंय’ एवढीच तक्रार असते, आणि ‘फॉरमॅट मारून देतो, विंडोज नवी टाकतो’ हे ठरलेलं उत्तर. विंडोज टाकताना पडद्यावर चार-पाच कप्प्यांची यादी येते. त्यातले काही निनावी, आकार विचित्र. समोर दुसरी दोन यंत्रं खोळंबलेली असतात. तो माणूस निष्काळजी असतो असं नाही. कशाचा काय उपयोग हे सांगणारं काहीच त्याच्यासमोर नसतं, म्हणून तो सगळे कप्पे उडवून एक सलग जागा करून घेतो, आणि त्याच्या जागी कुणीही हेच करील. निदानाचा कप्पा तिथे जातो, रिकव्हरी तिथे जाते. पुढे दोन वर्षांनी डिस्क खुरडायला लागल्यावर एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडलं, तर बायोसपुरती तपासणी होते आणि पुढचा भाग डिस्कवर नाही असं यंत्र सांगतं. लपवल्यामुळे नवख्याचा हात लागला नाही हे मान्य. पण ज्याचा हात लागणारच होता त्याच्यापाशीही माहिती पोचली नाही, आणि संरक्षण नेमकं हवं होतं त्याच क्षणी फोल ठरलं. कप्प्याला अक्षर देऊ नये, हे मलाही पटतं. त्याला नाव द्यावं, काम सांगावं आणि उडवलाच तर परत कसा बसवायचा हेही सांगावं, एवढंच मागणं आहे. अक्षर नसणं आणि ओळख नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

याच्या अगदी उलट टोकाला लोकांनी स्वतःहून पाडलेला मीडियाचा कप्पा आहे: डी ड्राइव्ह. कुठल्याही कंपनीनं शिकवला नसताना आपल्याकडे तो रिवाजासारखा रुळला. दुकानात यंत्र जुळवून घेताना ‘पार्टिशन पाडून द्या’ असं सांगितलं जाई, आणि सीमध्ये विंडोज, डीमध्ये गाणी आणि फोटो, ईमध्ये पिक्चर अशी विभागणी होऊन यंत्र घरी येई. एकेका घरच्या डी ड्राइव्हमध्ये लग्नाचा अल्बम, गणपतीतल्या आरत्या, कॅसेटींवरून उतरवून घेतलेलं नाट्यसंगीत, बारशाचं हलतं-डुलतं शूटिंग, असं सगळं असे. मराठी मजकूर जुळवणाऱ्या छोट्या डीटीपीवाल्यांच्या डीमध्ये श्रीलिपीत केलेल्या पत्रिका आणि स्मरणिकांची वर्षानुवर्षांची कामं. सी कितीदाही फॉरमॅट मारला तरी हे जाग्यावर राही. कारखान्यातला मीडियाचा कप्पा आणि हा डी ड्राइव्ह यांच्यात तंत्राचा फरक थोडा, पण नात्याचा फार मोठा आहे. याचं काय काम आहे ते घरातल्या शाळकरी पोरालाही माहीत होतं, आणि यंत्र दुरुस्तीला देताना ‘डीला हात लावू नका’ हे वाक्य न चुकता बोललं जाई. टेबलाशी बसलेला माणूसही ते पाळी.

इथे जाणकार हटकतात, आणि त्यांचं म्हणणं टाळण्यासारखं नाही. डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, कारण डिस्क एकच. तिची सुई घसरली किंवा एसएसडीचा कंट्रोलर गेला, की सी आणि डी एकदमच जातात. शिवाय हद्द आधी आखावी लागते आणि ती बहुधा चुकते. पन्नास जीबीचा सी दोन-तीन वर्षांत अपडेटांनी भरून लाल होतो, शेजारी डीमध्ये तीनशे जीबी मोकळे पडलेले असतात आणि यंत्र रडतखडत चालतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. डीच्या भरवशावर राहून बाहेरच्या डिस्कवर प्रत न ठेवणाऱ्यांचं फार नुकसान झालं आहे, आणि लग्नाचे फोटो गमावलेल्या माणसाला पार्टिशनचे फायदे सांगण्यात काही हशील नाही. पण हे आक्षेप कप्प्याकडून भलतीच अपेक्षा ठेवल्याबद्दलचे आहेत. डिस्क मरण्यापासून कप्पा वाचवत नाही. विंडोज बिघडणं, घाईत झालेलं फॉरमॅट यांपासून वाचवतो, आणि डिस्क मरण्याच्या मानानं हे प्रसंग घरोघरी कितीतरी जास्त वेळा येतात. हद्दीचं म्हणाल, तर ती आता डिस्क मॅनेजमेंटमधूनच हलवता येते, डीची सुरुवात मागे सरकवण्याचं काम सोडलं तर. त्या एका कामासाठी वेगळं साधन लागतं. त्यामुळे हद्द आखताना सीला हात सैल सोडणं बरं.

दुसरा आक्षेप काळाचा. हे सारं जुन्या डिस्कांचं रडगाणं झालं, असं कुणी म्हणेल. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर नवी नोंदपद्धत सरसकट आली. तिच्यात चारऐवजी १२८ नोंदी मावतात, प्रत्येक कप्प्याला प्रकार सांगणारा लांबलचक ओळखक्रमांक असतो, शिवाय साधं वाचता येईल असं नाव लिहायचीही जागा असते, आणि सगळ्या यादीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. त्या काळातल्या डेल लॅपटॉपवर निदानाच्या कप्प्याचं नाव सरळ ‘डायग्ज’ असं लिहिलेलं आढळतं. पुढे तपासणीचा बराचसा भाग मदरबोर्डवरच्या चिपमध्येच गेला, आणि डिस्क पूर्ण कोरी केली तरी तो जागेवर राहतो. पडदा तपासायचा तर डी ही कळ धरून यंत्र सुरू करावं, पडदा एकेका रंगानं भरत जातो, आणि त्यासाठी डिस्क असावीसुद्धा लागत नाही. हा बदल मनापासून स्वागत करावं असा आहे. निदान करणारं साधन ज्याचं निदान करायचं त्याच्या जितकं बाहेर, तितकं चांगलं. मूळ तत्त्व इथे अधिक नेटानं पाळलं गेलं. पण ओळख सांगण्याची सोय मिळाली म्हणून सवय बदलली, असं झालं नाही.

९ जानेवारी २०२४ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० साठी ‘केबी५०३४४४१’ हे सुरक्षा-अपडेट सोडलं. ते बसायचं होतं दुरुस्तीची विंडोज ज्यात राहते त्या रिकव्हरी कप्प्यात, आणि त्यासाठी तिथे २५० एमबी मोकळे लागत होते. असंख्य यंत्रांवर तो कप्पा पाचशे एमबीच्या आसपासचा, आणि जवळजवळ भरलेला. अपडेट फसे आणि ‘०एक्स८००७०६४३’ असा आकडा दाखवी. त्या आकड्याचा सर्वसाधारण अर्थ एवढाच, की बसवणं जमलं नाही. आपल्याला जागा अपुरी आहे, तीही कुठल्या कप्प्यात, हे त्यात कुठेच नव्हतं. सी ड्राइव्हमध्ये दोनशे जीबी मोकळे असणाऱ्या माणसाला हे कसं सुचावं? उपाय म्हणून हातानं करायच्या पायऱ्या प्रसिद्ध झाल्या: दुरुस्तीची विंडोज तात्पुरती बंद करा, काळ्या खिडकीत डिस्कपार्ट उघडा, सी २५० एमबीनं आखूड करा, रिकव्हरी कप्पा पुसा, मोठा करून नव्यानं पाडा, त्याचा ओळखक्रमांक अक्षर न अक्षर बरोबर लिहा, मग सगळं पुन्हा चालू करा. पुढे हेही कळवलं गेलं, की हे काम आपोआप होईल अशी दुरुस्ती येणार नाही. ज्याला इतकी वर्षं या कप्प्याकडे पाहूही दिलं नाही, त्याच माणसाला एका सकाळी तो स्वहस्ते पुसून पुन्हा पाडायला सांगितलं गेलं. सामान्य माणसाला यातलं कळत नाही म्हणून लपवावं, या युक्तिवादाचा पाया या एका प्रसंगानं हलतो. वेळ आल्यावर काम त्याच्याच गळ्यात येणार असेल, तर माहितीही वेळ येण्यापूर्वी त्याच्याकडेच असायला हवी.

मग हा सगळा खटाटोप इंटरनेटवर का सोपवू नये? २०२० पासून विंडोज १० मध्ये मूळ फाइली डिस्कऐवजी थेट इंटरनेटवरून आणून यंत्र नवं करण्याची सोय आहे. चार जीबीहून अधिक डेटा उतरवावा लागतो. शहरातल्या फायबरवर हे काही मिनिटांचं काम, आणि तिथे दहा जीबीच्या रिकव्हरी कप्प्याला जागा का द्यावी हा प्रश्न वाजवी आहे. पण जिथे इंटरनेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट आणि रोजचा ठरावीक डेटा, तिथे चार जीबी म्हणजे दोन-तीन दिवसांचा कोटा, आणि तो मध्येच संपला तर यंत्र अर्धवट अवस्थेत लोंबकळतं. शिवाय बिघाड वायफायच्या कार्डात असला तर? इंटरनेटवरून दुरुस्ती ही जास्तीची सोय म्हणून उत्तम आहे. एकमेव सोय म्हणून ती ज्यांच्याकडे आधीच सगळं धड आहे त्यांच्याच उपयोगाची.

मागणं फार मोठं नाहीच. लॅपटॉपच्या खोक्यात वॉरंटीचं कार्ड असतं, बॅटरी विस्तवात टाकू नका असं बारा भाषांत सांगणारी घडी असते. त्यातच अर्ध्या पानावर डिस्कची मांडणी छापता येईल: कोणता कप्पा, किती मोठा, कशासाठी, उडवला तर काय जाईल, परत आणायचा तर काय लागेल. आणि डिस्क मॅनेजमेंटच्या त्या पट्टीवर ‘हेल्प’च्या जागी दोन ओळी. विंडोज १० ची नियमित अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि कितीतरी धडधाकट लॅपटॉप आता लिनक्स टाकून शाळकरी मुलांकडे, वाचनालयांकडे, भावंडांकडे जात आहेत. लिनक्स टाकताना सगळ्यात सोपा पर्याय ‘अख्खी डिस्क पुसा’ हाच असतो. तो निवडणाऱ्याला आपण काय पुसतो आहोत हे त्या क्षणी माहीत असलं, तर पुढची पाच वर्षं ते यंत्र वापरणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग होईल.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याच्यापुढे माझं म्हणणं मला अपुरं वाटतं. २०२४ चं ते अपडेट आलंच होतं एका भोकासाठी. यंत्र हाती लागलेला माणूस दुरुस्तीच्या विंडोजमधून शिरून विंडोजच्या बिटलॉकर नावाच्या कुलपानं बंद केलेल्या डिस्कपर्यंत पोचू शकत होता. जो कप्पा बिघडलेल्या यंत्राला बाहेरून मदत करतो तोच चोरालाही बाहेरून वाट देऊ शकतो, आणि त्याच्याविषयी जितकं उघड सांगावं तितकी ती वाटही उजेडात येते. याला उत्तर म्हणून आता कुलपं वाढली आहेत. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोऱ्या यंत्रावर टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत गेलं, की बहुतेक यंत्रांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधले बँकेचे कागद त्यामुळे सुरक्षित राहतात, हे मोठंच काम आहे. पण मदरबोर्ड बदलला, बायोसमध्ये काही हललं, की यंत्र सुरू होतानाच ती किल्ली मागतं. आणि ज्यांचं खातं दुकानदारानं घाईत स्वतःच्या फोनवरून उघडून दिलं होतं, ज्यांना आपली डिस्क कुलपात आहे हेच माहीत नव्हतं, त्यांचा डी ड्राइव्ह समोर असूनही उघडत नाही. निदान सांगतं की डिस्क निरोगी आहे, रॅम निरोगी आहे, सगळे कप्पे जागच्या जागी आहेत. किल्ली कुणाकडे असावी, आणि ती त्याच्याकडे आहे हे त्याला कुणी आणि कधी सांगावं, याची सोय त्या अर्ध्या पानावर कशी लावायची?